प्रथिनाचा फ्यूज काढणारा प्रकाश

माझगावच्या एखाद्या जुन्या चाळीत जिन्याखाली विजेचे मीटर ओळीने बसवलेले असतात. कोणता फ्यूज कोणत्या खोलीचा हे कळेनासे झाले, तर एक फ्यूज काढून कोठे अंधार झाला ते पाहतात. पेशीतील हजारो प्रथिनांची कामे ओळखताना आम्ही जीवशास्त्रज्ञही हेच करतो.

प्रथिन काढण्याचा रूढ मार्ग म्हणजे त्याचे जनुक बिघडवणे. परंतु महत्त्वाचे प्रथिन सुरुवातीपासूनच नसेल, तर जीव वाढतच नाही. म्हणून ते हवे तेव्हा बंद करता आले पाहिजे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दिकी यांनी सीमोर बेंझर यांच्यासह १९७६ साली अशा फळमाश्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एरवी हिंडणाऱ्या या उत्परिवर्तित माश्या तापमान वाढवताच लुळ्या पडत. मात्र उष्णता सबंध माशीला लागते. पेशीचा एखादाच कोपरा तिने निवडता येत नाही.

ते काम लेसर करतो. डॅनियल जे यांनी १९८८ मध्ये ही पद्धत मांडली. हव्या त्या प्रथिनालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला मॅलाकाइट ग्रीन हे रंगद्रव्य जोडतात. ते हिरवे दिसते, कारण ते लाल प्रकाश शोषते; पेशीतील इतर द्रव्ये तो फारसा शोषत नाहीत. ६२० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर टाकला, की रंगद्रव्यापाशी अतिक्रियाशील हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात व शेजारचे प्रथिन निकामी करतात. त्यांचा मारा सुमारे दीड नॅनोमीटरवरच निम्मा होतो. त्यामुळे पलीकडची प्रथिने बहुधा वाचतात.

चेतातंतूच्या वाढत्या टोकाला बोटांसारखे प्रवर्ध असतात. १९९६ मध्ये कोंबडीच्या चेतापेशींत मायोसिन-५ हे प्रथिन असे बंद केले, तेव्हा प्रवर्ध लांबण्याचा वेग घटला, पण आखडण्याचा वेग बदलला नाही. म्हणजे मायोसिन-५ प्रवर्ध लांबवण्याच्या कामी येते.

प्रतिपिंड पेशीच्या आत पोचवणे मात्र किचकट असते. २००६ मध्ये ‘किलररेड’ हे प्रकाशाने मूलके निर्माण करणारे प्रथिन तयार झाले. त्याचे जनुक हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला जोडले, की पेशी स्वतःच ही जोडी बनवते.

परिणाम लेसरच्या उष्णतेचा नव्हता कशावरून? त्यासाठी तोच लेसर रंगद्रव्याविना, तसेच भलत्याच प्रतिपिंडाला रंगद्रव्य जोडूनही टाकून पाहतात. दोन्ही वेळा काहीच घडले नाही, तरच निष्कर्ष ग्राह्य. प्रयोग शिकवताना ही तुलना विद्यार्थ्यांनाच सुचवू द्यावी.