वेगाचे शब्द : अर्थ एक, चित्रें अनेक

(नभोवाणीवरील भाषण)



इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहींत एक पान हमखास असतें. वर मथळा 'समानार्थी शब्द'. खालीं एका ओळींत 'रन, रश, डॅश, डार्ट, बोल्ट'. आणि पुढें बरोबरीचें चिन्ह काढून 'धांवणें'. अशीं पानें मीं शिक्षक असतांना किती मुलांकडून लिहवून घेतलीं असतील, याची गणना नाहीं. त्या बरोबरीच्या चिन्हाविषयींच आज मला बोलावयाचें आहे. कारण तें चिन्ह खोटें आहे.

एके वर्षीं सहामाही परीक्षेच्या निबंधांत एका मुलानें लिहिलें कीं, आजी अत्यवस्थ असल्याची तार येतांच वडील तिच्या गांवीं धांवून गेले. 'धांवून गेले' यासाठीं त्यानें शब्द योजिला होता 'बोल्ट'. मला हंसूं आलें. मीं तें वाक्य वर्गांत मोठ्यानें वाचलें व विचारलें, "तुझे वडील आजीकडे गेले, कीं तिला भिऊन पळाले?" वर्ग खदखदून हंसला. मुलगा मान खालीं घालून बसला. त्याच संध्याकाळीं वह्या तपासतांना ती यादी त्याच्या वहींत, खालीं माझ्या सहीसह, माझ्या दृष्टीस पडली. त्यानें गुरूवर विश्वास ठेविला, एवढाच त्याचा अपराध! दुसऱ्या दिवशीं मीं वर्गापुढें आपली चूक कबूल केली. पण आदल्या दिवशींचें हंसें कांहीं परत घेतां आलें नाहीं.

तर हा 'बोल्ट' आहे तरी काय? मूळचा तो एक बाण. दांड्यावर आडव्या बसविलेल्या धनुष्यांतून सुटणारा, आखूड व जाड. पुढें बिथरून सुटलेल्या घोड्यालाही हाच शब्द लागला. मराठींत आपण म्हणतों 'घोडा उधळला'. म्हणून माणसाविषयीं हा शब्द आला, कीं त्यास बहुधा पलायनाची छटा येते. चोर 'बोल्ट' करतो. पुत्र आईच्या बिछान्याकडे 'रश' करतो. 'रश' मध्यें वेग तर आहेच, पण एक क्षणही दवडावयाचा नाहीं ही निकडही आहे. त्या मुलाला हवा होता तो हा शब्द.

'डार्ट' हेंही शस्त्रच. हातानें फेंकावयाचें, टोंकदार व लहान. म्हणून त्याची गति अचानक, सरळ आणि थोड्या अंतराची. मासोळी दगडामागें जाते ती 'डार्ट' करून. आपण म्हणतों 'सुळकन्'. 'डॅश' चा मूळ अर्थ जोरानें आपटणें. लाटा खडकावर 'डॅश' होतात, आणि आशा धुळीस मिळाल्या तरी इंग्रज हेंच क्रियापद वापरतो. तेव्हां धांवण्यांतला 'डॅश' म्हणजे सारी शक्ति एकदम खर्च करून मारलेली थोडक्या अंतराची धांव. मैलभर कोणी 'डॅश' करीत नाहीं.

'हरी' मध्यें धांदल आहे. 'हेसन' मध्यें (यांतला 'ट' लिहावयाचा, उच्चारावयाचा नाहीं) भारदस्त त्वरा आहे. 'स्पीड' ची कथा तर मोठी उद्बोधक आहे. जुन्या इंग्रजींत या शब्दाचा अर्थ होता यश, भरभराट. प्रवाशाला 'गॉड स्पीड' म्हणत, तें 'देव तुला वेगानें नेवो' म्हणून नव्हे, तर 'तुझें कार्य सिद्धीस जावो' म्हणून. आणि ज्या 'करिअर' ची चिंता आज घरोघरीं वाहिली जाते, तो शब्द फ्रेंचांतल्या शर्यतीच्या मैदानावरून आला. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ आहे बेफाम धांवणें. ब्रेक निकामी झालेली मोटार उतारावरून 'करिअर' करते!

आतां वर चढण्याचे शब्द पाहूं. 'सोअर' च्या मुळाशीं लॅटिनमधला 'ऑरा', म्हणजे वारा, आहे. पंख न हालवितां वाऱ्यावर उंच तरंगणारी घार डोळ्यांपुढें आणा. ती भरारी म्हणजे 'सोअर'. 'सर्ज' ही लाट. ती उसळते आणि बहुधा ओसरते. 'रॉकेट' हा अग्निबाण. त्याची चढण स्फोटासारखी. 'झूम' हा गुणगुणण्याच्या आवाजावरून झालेला शब्द. १९१४–१८ च्या महायुद्धाच्या काळांत वैमानिकांनीं तो विमान एकदम वर खेंचण्यासाठीं वापरला. 'स्पाइक' म्हणजे अणकुचीदार खिळा. आलेखावरची रेषा क्षणांत वर जाऊन क्षणांत खालीं आली, कीं तसाच आकार दिसतो.

कांद्याचेंच उदाहरण घ्या. भाव पायरीपायरीनें चढला तर 'क्लाइम'. उंच जाऊन तेथेंच राहिला तर 'सोअर'. मागणीचा लोंढा येऊन उसळला तर 'सर्ज'. कोणाच्या ध्यानींमनीं नसतां आकाशांत गेला तर 'रॉकेट'. आणि दोन दिवसांत चढून उतरला तर 'स्पाइक'. वर्तमानपत्राचा मथळा वाचतांना हा भेद कळला, तर पिशवी घेऊन आज निघावें कीं चार दिवस थांबावें, याचाही थोडा अंदाज येतो.

मराठींत आपण असे चुकत नाहीं. भाव वधारतो, कडाडतो, भडकतो, गगनाला भिडतो. पहिल्यांत वाढ आहे, दुसऱ्यांत वीज, तिसऱ्यांत आग, चौथ्यांत आकाश. हे शब्द आपल्याला कोणी यादी करून शिकविले नाहींत. ते प्रसंगासह कानांवर पडले, म्हणून चित्र मनांत राहिलें. परभाषेचा शब्द आपण चित्रावांचून उचलतों, आणि तेथेंच फसतों.

म्हणून पालकांस माझी एक विनंति आहे. मुलाच्या वहींतलें तें बरोबरीचें चिन्ह खोडा. त्याच्या जागीं तीन प्रश्न लिहावयास सांगा : हें कोण धांवतें? कशासाठीं धांवतें? आणि धांवून झाल्यावर काय होतें? तीन उत्तरें मिळालीं, कीं शब्द आपोआप आपल्या जागीं बसेल.

एरवीं काय होतें, तें मीं पाहिलें आहे. एक शब्द चुकला, आणि आईसाठीं जिवाच्या आकांतानें धांवलेला मुलगा पळपुटा ठरला. चूक त्याची नव्हती, त्याच्या मुलाचीही नव्हती. ती फळ्यावर बरोबरीचें चिन्ह काढणाऱ्या हाताची होती.