एकदा सारे जमले की...

आपल्या घरांतून ‘एकदा’ हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, याचा हिशेब कुणी ठेवीत नाही. एकदा परीक्षा आटोपू दे, एकदा नोकरी कायम होऊ दे, एकदा ताईचे लग्न पार पडू दे. मग माळ्यावरची पेटी खाली काढू, मग गाण्याची शिकवणी पुन्हा धरू! परीक्षा आटोपते, नोकरी कायम होते, ताईची मुलेही शाळेत जाऊ लागतात. पेटी मात्र माळ्यावरच राहते.

हा अनुभव केवळ आपल्याकडचाच आहे, असे वाचकांनी समजू नये. दूर आयर्लंडमध्ये, डब्लिन शहरी, जॉन कार्नी या दिग्दर्शकांना आपल्या ओळखीच्या गुणी कलावंतांच्या तोंडून हाच शब्द वारंवार ऐकू येई. एकदा अमुक जमले, एकदा तमुक मार्गी लागले, की मग खऱ्या कामाला लागू, असे म्हणता म्हणता त्यांची उमेदीची वर्षे निघून जात. आपल्या चित्रपटाला त्यांनी नाव दिले ते याच शब्दाचे : ‘वन्स’, म्हणजे ‘एकदा’. सन 2006 मध्ये तयार झालेला हा लहानसा चित्रपट एका धडपड्या तरुण गायकाची गोष्ट सांगतो. ती पाहताना आपण पुष्कळदा हसतो, क्वचित डोळेही पुसतो. आणि चित्रपट संपल्यावर आपल्या घरातल्या माळ्याकडे आपले लक्ष गेल्यावाचून राहत नाही.

यंत्र ओढीत चाललेली मुलगी

कथेतील नायकाला आणि नायिकेला नावेच नाहीत. तो आहे ‘तो’ आणि ती आहे ‘ती’. डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीट या गजबजलेल्या बाजाररस्त्यावर तो गिटार घेऊन गात उभा असतो. समोर उघडी ठेवलेली गिटारची पेटी, तीत येणारे-जाणारे टाकतील ती नाणी, हीच त्याची बिदागी. दिवसा तो लोकांच्या ओळखीची गाणी गातो, कारण पैसे पडतात ते त्यांनाच. स्वतः रचलेली गाणी तो रात्री, रस्ता ओस पडल्यावर गातो. चित्रपटाच्या आरंभीच एक भुरटा इसम बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करून खाली वाकतो आणि ती पेटी पैशांसह उचलून धूम ठोकतो. मग गायक पुढे असलेल्या चोराच्या मागे, थेट सेंट स्टीफन्स ग्रीन या उद्यानापर्यंत! इतक्या थोड्या नाण्यांसाठी इतकी मोठी धावाधाव पाहून हसू येते. पण ती नाणी त्याला किती मोलाची आहेत, हेही त्याच हसण्यात आपल्याला कळून चुकते.

ती मुलगी आहे चेक देशातून आलेली. रस्त्यावर मासिके आणि गुलाबाची फुले विकून आई आणि लहान मुलगी यांचा संसार ती ओढीत असते. एका रात्री त्याचे स्वतःचे गाणे ती थांबून ऐकते, पेटीत दहा सेंटचे नाणे टाकते आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू करते : हे गाणे कुणासाठी लिहिले? कुणासाठीच नाही? खोटे बोलू नका! आपले नाणे तिने पूर्णपणे वसूल केले, असेच म्हणावयाचे. बोलता बोलता तिला कळते की, हा गायक दिवसा वडिलांच्या दुकानात व्हॅक्यूम क्लीनर, म्हणजे केर ओढून घेणारी विजेची यंत्रे, दुरुस्त करतो. दुसऱ्या दिवशी ती आपले बिघडलेले यंत्र घेऊन हजर! आणि मग दाव्याने बांधलेले कोकरू ओढावे तसे ते चाके असलेले यंत्र भर रस्त्यातून ओढीत ती त्याच्याबरोबर चालू लागते. या विनोदात कुणाची टवाळी नाही. गरजू माणसांच्या नित्याच्या आयुष्यातूनच तो सहज फुटून येतो.

पियानो घेण्याची तिची ऐपत नाही. परंतु वाद्यांच्या एका दुकानाचा मालक जेवणाच्या सुट्टीत तिला तेथील पियानो वाजवू देतो. त्या दुकानात तो तिला आपले गाणे शिकवितो आणि पियानोच्या साथीने दोघे ते प्रथमच मिळून गातात. पुढे एका रात्री त्याच्या चालीला शब्द लिहिण्याचे काम तिच्याकडे येते. चाल ऐकण्याच्या यंत्रातील विजेऱ्या ऐन वेळी संपतात. तेव्हा ती मुलीच्या गल्ल्यातले पैसे काढून, रात्रीच्या कपड्यांत, पायांत घरची सपाते घालून कोपऱ्यावरच्या दुकानात जाते, आणि विजेऱ्या बसवून नव्या ओळी गात गातच घरी परतते. लेकीला पैसे परत करण्याचे वचन मात्र ती विसरत नाही.

दोघे मिळून बँकेत जातात, ते गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी कर्ज मागायला. तेथील अधिकारी गंभीर मुद्रेने त्यांचे गाणे ऐकून घेतो. आणि नंतर, काय सांगावे, स्वतःच गिटार हाती घेऊन आपले गाणे ऐकवू लागतो! कर्ज अर्थातच मंजूर होते. त्या टेबलामागेही एक ‘एकदा’ दडलेला होता, हे चाणाक्ष प्रेक्षकाच्या ध्यानी येते.

नायक तोच जो गाणी लिहीत होता

चित्रपट तयार कसा झाला, ही हकिकतही मूळ कथेइतकीच बोधप्रद आहे. नायकाची भूमिका प्रथम किलियन मर्फी हे नामवंत अभिनेते करणार होते. ते बाजूला झाले आणि पाठोपाठ पैसा पुरविणारे निर्मातेही निघून गेले. अशा वेळी ‘एकदा पुन्हा भांडवल उभे राहू दे’ असे म्हणून पटकथा कपाटात ठेवून देणे सोपे होते. कार्नी यांनी ते केले नाही. त्यांनी चित्रपटाची गाणी लिहिणाऱ्या ग्लेन हॅन्सार्ड यांनाच नायक होण्यास सांगितले. हॅन्सार्ड तेराव्या वर्षी शाळा सोडून डब्लिनच्या रस्त्यांवर गाऊ लागलेले. पुढे त्यांनी ‘द फ्रेम्स’ नावाचा वाद्यवृंद स्थापन केला आणि स्वतः कार्नी त्यात काही काळ बेस गिटार वाजवीत असत. आपल्याला अभिनय जमेल की नाही, या शंकेने हॅन्सार्ड प्रथम कचरले. त्यांची चित्रपटातील गिटार अवश्य पाहावी : वर्षानुवर्षे बोटे घासून तिच्या लाकडाला भोक पडलेले आहे. असे वाद्य कुठल्याही सामानघरात तयार मिळत नाही. नायिका झालेल्या मार्केटा इर्ग्लोव्हा तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या.

एकूण खर्च आला सुमारे 1 लाख 12 हजार यूरो. तेव्हाच्या भावाने साधारण साठ लाख रुपये. त्यातील सुमारे तीन चतुर्थांश रक्कम आयर्लंडच्या चित्रपट मंडळाने, म्हणजे एका सरकारी संस्थेने दिली. दिग्दर्शकांनी आपले वेतन दोन्ही कलावंतांना देऊन टाकले, आणि चित्रपट चालला तर सर्वांना नफ्यात वाटा देण्याचे कबूल केले. चित्रीकरण सतरा दिवसांत उरकले. दिव्यांचा खर्च नको म्हणून शक्य तेथे नैसर्गिक प्रकाश, भाड्याच्या जागा नकोत म्हणून मित्रांची घरे. मेजवानीचा प्रसंग तर हॅन्सार्ड यांच्या राहत्या घरी चित्रित झाला. पाहुणे म्हणून त्यांचेच मित्र जमले आणि खुद्द त्यांच्या आईनेही तेथे गाणे म्हटले.

रस्त्यावरील प्रसंग दूरच्या भिंगाने टिपलेले आहेत. अशा भिंगामुळे कॅमेरा पुष्कळ लांब ठेवता येतो. म्हणून चित्रीकरण चालू आहे याची अनेक वाटसरूंना कल्पनाही आली नाही. ते खरोखरीचे वाटसरू राहिले. आणि कॅमेरा समोर दिसत नसल्यामुळे अभिनयाची सवय नसलेले दोघेही मोकळेपणी वावरले. पैसा असता तर मोठा रस्ता अडवून, शेकडो माणसे रोजंदारीवर आणून हेच दृश्य उभे करता आले असते. ते इतके जिवंत उतरले असते की नाही, हे सांगवत नाही.

सन 2007 च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथाचित्रांतील प्रेक्षक-पुरस्कार ‘वन्स’ला मिळाला. पुढे जगभर त्याने दोन कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले. दुकानातल्या पियानोवर दोघांनी गायिलेले ‘फॉलिंग स्लोली’ हे गीत 24 फेब्रुवारी 2008 रोजी ऑस्कर पारितोषिकाचे मानकरी ठरले. या कथेवरून रचलेल्या संगीत नाटकाला 2012 साली न्यूयॉर्कमध्ये आठ टोनी पारितोषिके लाभली.

थोड्या पैशांत आणि सरकारी साहाय्याने काय साधते, हे आपल्या देशालाही नवे नाही. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन ही संस्था 1960 साली निघाली. तिच्या कर्जातून मृणाल सेन यांनी 1969 साली ‘भुवन शोम’ हा हसरा हिंदी चित्रपट काढला. पुढच्या पिढीच्या अनेक दिग्दर्शकांना त्याने वाट दाखविली.

वडिलांनी काय केले

कुटुंबवत्सल वाचकांना या चित्रपटात सर्वांत अधिक भावेल ती गायकाच्या वडिलांची लहानशी भूमिका. हा गृहस्थ फार बोलत नाही. मुलाने दुकानाचे काम सोडलेले नाही, आणि मुलाच्या गाण्याला बापानेही कधी आडकाठी घातलेली नाही. ध्वनिमुद्रण पुरे होते, तेव्हा मुलगा ते वडिलांना ऐकवितो. ते शेवटपर्यंत ऐकतात, मनापासून वाखाणतात आणि लंडनला जाण्यासाठी मुलाच्या हाती पैसे ठेवतात.

शेवटी तो आणि ती एकत्र येत नाहीत. तिचा नवरा परत यायचा असतो. गायकालाही लंडनला जायचे असते. तुझे त्याच्यावर प्रेम आहे का, असे तो तिला तिच्या चेक भाषेत विचारतो. ती त्याच भाषेत उत्तर देते, आणि चित्रपट त्याचे भाषांतर करीत नाही. जाण्यापूर्वी तो मात्र तिच्या घरी एक पियानो पाठवून देतो. तिचा ‘एकदा’ अशा रीतीने आज, आत्ताच, दारात येऊन उभा राहतो.

चित्रपटात डब्लिनच्या रस्त्यावरची रांगडी बोली आहे, शिव्याही आहेत. म्हणून तो आधी वडीलधाऱ्यांनी पाहावा आणि मग जाणत्या मुलांना बरोबर घेऊन पुन्हा पाहावा.

वाचकहो, आपल्या घरातही गाणारे, वाजविणारे, काही रचणारे कुणी असेल. त्याने पोटापाण्याचा उद्योग सोडावा, असे हा चित्रपट सांगत नाही. त्याचा नायकही यंत्रे दुरुस्त करीतच गातो. त्याला गरज होती ती नीट ऐकून घेणाऱ्या दोन-चार माणसांची : खोटे बोलू नका म्हणणाऱ्या एका मुलीची, पियानोला हात लावू देणाऱ्या एका दुकानदाराची, शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्या बापाची. यांतले काहीही करावयास भांडवल लागत नाही. आज रात्री जेवणे झाल्यावर आपल्या मुलाचे वा मुलीचे एक गाणे, मध्येच न उठता, पुरते ऐकावे. आणि माळ्यावर पेटी असेल, तर ती या रविवारीच खाली काढावी.