मडके जुने की नवे?

ईशान्य थायलंडमध्ये उदोन थानी शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर बान चियांग नावाचे एक लहान गाव आहे. तेथील संग्रहालयाजवळच्या दुकानांत प्रवासी आठवणीदाखल काही ना काही विकत घेतात. कोणी निळीने रंगविलेले सुती कापड घेतो; पण बहुतेकांची नजर जाते ती मातीच्या मडक्यांकडे. पिवळसर मातीवर तांबड्या रंगाने काढलेली वलये आणि भोवरे ही या मडक्यांची खूण.

ही नक्षी आली कोठून? १९६६ साली स्टीफन यंग हा अमेरिकन विद्यार्थी या गावात फिरत असताना झाडाच्या मुळाला अडखळून पडला. आजूबाजूला पाहतो, तो पावसाने धुपलेल्या जमिनीतून मडक्यांचे काठ वर आलेले! ते प्राचीन दफनभूमीचे अवशेष होते. पुढे शास्त्रीय उत्खनने झाली आणि १९९२ मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पण संशोधकांच्या बरोबरीने व्यापारीही तेथे पोहोचले. जुन्या मडक्यांना भाव येताच लोक आपल्या घराखालची जमीनसुद्धा खणू लागले. १९७२ मध्ये सरकारने अशा खोदकामावर व विक्रीवर बंदी घातली. तरीही पुष्कळ वस्तू परदेशी गेल्या. त्यांपैकी पाचशेहून अधिक वस्तू अमेरिकेतील एका संग्रहालयाने २०१४ मध्ये थायलंडला परत केल्या.

आता समजा, एखाद्या विक्रेत्याने हळूच सांगितले, “हे मडके खरोखर दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे.” ते खरे की खोटे, हे कसे ठरवायचे? माती फासून, धूर देऊन नवे मडके जुने दिसू शकते. येथे डोळ्यांपेक्षा भौतिकशास्त्र अधिक उपयोगी पडते.

मडक्याच्या मातीत क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांचे बारीक स्फटिक असतात. त्याच मातीत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४० ही किरणोत्सर्गी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात. त्यांच्या किरणांमुळे स्फटिकांतील इलेक्ट्रॉन जागेवरून उडतात आणि काही स्फटिकांतील दोषस्थानी अडकून पडतात. वर्षे जातील तशी अडकलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढत जाते. स्फटिक सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला की ते सुटतात आणि जाताना मंद प्रकाश देतात. या घटनेला थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात. आपण तिला ‘तापदीप्ती’ म्हणू.

गळक्या नळाखाली ठेवलेली बादली डोळ्यांसमोर आणा. बादलीत किती पाणी साठले आणि तासाला किती गळते, हे कळले की बादली केव्हा ठेवली ते काढता येते. कुंभार मडके भट्टीत भाजतो, तेव्हा ही ‘बादली’ पूर्ण रिकामी होते. तेथपासून नवी मोजणी सुरू!

शोषलेला किरणोत्सर्ग ‘ग्रे’ या एककात मोजतात. मडक्याची चिमूटभर पूड तापवून असे आढळले की त्यात एकूण ६ ग्रे साठले आहेत, आणि वर्षाला ०·००३ ग्रे मिळतात. मग ६ ÷ ०·००३ = २०००. मडके दोन हजार वर्षांचे! नव्या मडक्याची पूड मात्र जवळजवळ प्रकाशच देणार नाही.

मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. एक तर ही परीक्षा मातीचे वय सांगते, रंगाचे नाही. जुन्या साध्या मडक्यावर काल नक्षी काढली असेल, तर ती लबाडी यात पकडली जात नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. वर्षाच्या ०·००३ पैकी बराचसा भाग मडक्याच्या स्वतःच्या मातीतून येतो, पण काही भाग भोवतालच्या जमिनीतून येतो. गॅमा किरण सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावरूनही मडक्यापर्यंत पोहोचतात. समजा, हा वाटा ०·००१ असून तो हिशेबात धरलाच नाही; तर ६ ÷ ०·००२ = ३०००. वय एक हजार वर्षांनी चुकले!

म्हणजे मडके ज्या जमिनीत होते ती जमीनही मोजावी लागते. चोरून खणलेल्या मडक्याची जमीन कोणती, हे कोण सांगणार? त्याच्याजवळ कोणाचा सांगाडा होता, कोणती हाडे होती, हेही हरवते. बान चियांगच्या मडक्यांची तापदीप्तीवरून काढलेली सुरुवातीची काही वये ख्रिस्तपूर्व ४००० च्याही मागे गेली होती. पुढे थडग्यांतील हाडांचे कार्बन-१४ पद्धतीने वय काढल्यावर हा काळ खूप अलीकडे आला. तांबड्या नक्षीची मडकी तर साधारण ख्रिस्तपूर्व ३०० ते इसवी सन २०० या काळातील ठरतात. हाडे जागेवर सापडली म्हणूनच ही दुरुस्ती शक्य झाली.

तेव्हा गुपचूप दाखविलेले मडके खोटे असेल तर आपले पैसे बुडतात. आणि खरे असेल तर सर्वांचे ज्ञान बुडते. त्यापेक्षा दुकानात उघडपणे ‘नवे’ म्हणून विकले जाणारे मडके घ्यावे. त्यात आजच्या कुंभाराचे कौशल्य असते.

आता एक गणित तुमच्यासाठी. आज भट्टीतून निघालेल्या मडक्याला वर्षाला ०·००३ ग्रे मिळत राहिले, तर त्यात १·५ ग्रे साठायला किती वर्षे लागतील?