खिळ्यावर तांबे चढलेच नाही? दोष रसायनाचा नाही, तयारीचा!

जळगाव/धुळे : मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवायचा आणि साधारण २० मिनिटांनी बाहेर काढायचा. खिळ्यावर तांबूस थर येतो, द्रावणाचा निळा रंग फिकट हिरवट होतो. शाळेतला हा प्रयोग इतका सोपा, की तो फसू शकतो हेच खरे वाटत नाही. पण फसतो. मग विद्यार्थी डोळ्यांना दिसले ते सोडून पुस्तकातले ‘निरीक्षण’ वहीत उतरवतो. खरे नुकसान तिथे होते.

शेतकऱ्याला हे आधीच माहीत आहे

खान्देशात लिंबू-डाळिंबाच्या बागांसाठी बोर्डो मिश्रण करणाऱ्यांना ही अभिक्रिया नवी नाही. १ टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मिश्रण झाले की त्यात लखलखीत लोखंडी विळा थोडा वेळ धरतात. पात्यावर तांबूस डाग आला, तर चुना कमी पडला. मोरचूद लोखंडी भांड्यात विरघळवत नाहीत, तेही याचमुळे.

लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते तांब्याला द्रावणातून बाहेर काढते. अशी धातूंची उतरंडच आहे : वर सोडियम, मग मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, जस्त, लोखंड, तांबे आणि अगदी तळाशी सोने. (जळगावच्या सराफ बाजारातले सोने गंजत नाही, ते याच तळाच्या जागेमुळे.)

बागेतला विळा घासून घेतलेला असतो. शाळेत खिळा घासायचाच राहतो.

चूक नेमकी कुठे होते?

नव्या खिळ्यावर तेलाचा हात असतो, जुन्यावर गंज. दोन्ही सँडपेपरने घासल्याशिवाय द्रावण धातूपर्यंत पोहोचत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आला, तर तांबे चढते. पण थर काळपट दिसतो आणि द्रावण हिरवट होण्याऐवजी रंगहीन होत जाते. विद्यार्थ्याचे निरीक्षण बरोबर असते, धातू वेगळा असतो.

अ‍ॅल्युमिनियम तर हमखास फसवते. श्रेणीत ते लोखंडाच्या वर, पण मोरचुदात ढिम्म बसून राहते, कारण त्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा असतो. द्रावणात चिमूटभर मीठ टाकले की पापुद्रा फुटतो आणि अभिक्रिया सुरू होते.

पाणीही बघा. बोअरच्या जड पाण्यात मोरचूद टाकले, तर द्रावण गढूळ होऊ शकते. गॅरेजमध्ये मिळणारे बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर बरे. धातूची पाण्याशी अभिक्रिया फिनॉल्फ्थॅलीनने तपासताना आधी नुसत्या पाण्यात थेंब टाकून पाहा. ते आधीच गुलाबी झाले, तर पुढचा निष्कर्ष व्यर्थ.

सौम्य आम्लात धातूंचा वेग मोजताना मोठी चूक होते ती तुलनेत. एका नळीत मॅग्नेशियमची फीत, दुसरीत जस्ताचे खडे, तिसरीत लोखंडाचा कीस. किसाचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे बुडबुडेही जास्त. मग लोखंडाचा क्रम चुकीचा लागू शकतो! तुकडे शक्य तितके सारख्या आकाराचे, आम्ल एकाच बाटलीतले आणि सारखेच घ्या.

सोडियम : इथे गंमत नाही

हा प्रयोग फक्त शिक्षकांनी करून दाखवायचा. तोही चष्मा घालून, मुलांना दूर बसवून. तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. चिमट्याने धरून, गाळणकागदाने रॉकेल टिपून, रुंद भांड्यातल्या पाण्यावर सोडायचा. सोडियम पाण्यापेक्षा हलके आणि सुमारे ९८ अंशांना वितळणारे. म्हणून ते गोळी होऊन तरंगत पळते. परीक्षानळीत टाकले, तर उष्णता आणि हायड्रोजन कोंडून काच फुटू शकते.

उरलेला तुकडा परत रॉकेलमध्येच. बेसिन किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकला, तर पाणी लागताच पेट घेऊ शकतो. आग लागली तर पाणी नको, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नको. फक्त कोरडी वाळू. व्हरांड्यातल्या लाल बादलीतली वाळू पावसाळ्यात ओली होते, तेव्हा ती आत ठेवा.

एप्रिल-मेमध्ये जळगाव, धुळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. बंद प्रयोगशाळेत बाटलीतले रॉकेल हळूहळू उडते आणि सोडियम उघडे पडते. जूनमध्ये शाळा उघडली, की आधी त्या बाटलीतली पातळी पाहावी.