वाईट आले कोठून? झरथुष्ट्री धर्माचे उत्तर आणि त्याची किंमत

जग निर्माण करणारा देव सर्वशक्तिमान आणि पूर्णपणे चांगला आहे असे एकदा मानले की रोगराई, भूकंप, बालमृत्यू आणि माणसाचे क्रौर्य यांचा हिशेब कसा लावायचा, हा प्रश्न एकेश्वरवादी धर्मांच्या तत्त्वचिंतनाला सतत छळत आला आहे. वाईट रोखण्याची शक्ती असून देव ते रोखत नसेल तर तो चांगला कसा, आणि रोखण्याची इच्छा असूनही त्याला ते साधत नसेल तर तो सर्वशक्तिमान कसा, असा हा पेच असून तो ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याच्या नावावर सांगितला जातो. जर्मन तत्त्ववेत्ता लायब्निझ याने १७१० साली या विषयावर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शीर्षकावरून युरोपात अशा चर्चेला ‘थिओडिसी’, म्हणजे देवाच्या न्यायीपणाचे समर्थन, हे नाव रूढ झाले. पेचातून निघण्याच्या वाटा मात्र मोजक्याच आहेत. देवाची शक्ती मर्यादित मानावी, त्याचा चांगुलपणा माणसाच्या आकलनापलीकडचा ठरवावा, किंवा वाईटाला स्वतःचे असे खरे अस्तित्वच नाही असे म्हणावे. बहुतेक परंपरा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वाटेने गेल्या. पहिली वाट न कचरता धरणारी आणि आजवर जिवंत राहिलेली परंपरा म्हणजे प्राचीन इराणातील झरथुष्ट्राचा धर्म, ज्याचे अनुयायी पारशी या नावाने मुंबई-पुण्याच्या शेजारात नांदत असूनही मराठी वाचकाची त्याच्याशी असलेली ओळख बहुधा अग्यारी, डुंगरवाडी आणि दानशूर घराणी यांपलीकडे जात नाही.

झरथुष्ट्राची म्हणून जी वचने मानली जातात ती सतरा सूक्तांत आहेत; त्यांना गाथा म्हणतात आणि ती ‘यस्न’ या ७२ अध्यायांच्या उपासनाग्रंथात गुंफलेली आहेत. गाथांची भाषा ऋग्वेदाच्या भाषेला इतकी जवळची आहे की अनेक अभ्यासक त्यांचा काळ इ. स. पूर्व १५०० ते १००० यांच्या दरम्यान धरतात, तर नंतरची इराणी परंपरा झरथुष्ट्राला इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या आसपास आणून ठेवते. यस्नाच्या तिसाव्या अध्यायात दोन आद्य जुळ्या शक्तींचे वर्णन येते, ज्यांपैकी एकीने विचार, उच्चार आणि आचार यांत चांगले निवडले आणि दुसरीने वाईट. चांगले म्हणजे ‘अश’, अर्थात विश्वाचा सुव्यवस्थित आणि सत्य क्रम, ज्याची तुलना वैदिक ऋताशी केली जाते; आणि वाईट म्हणजे ‘द्रुज’, अर्थात खोटेपणा, द्रोह, त्या क्रमाला दिलेला छेद. येथे वाईट हा दोष किंवा अज्ञान नसून ती निवड आहे, आणि प्रत्येक माणसालाही तीच निवड स्वतः करावी लागते, हे या धर्माचे नैतिक अधिष्ठान होय.

तथापि गाथा एका ठिकाणी गप्प राहतात. दोन शक्ती जुळ्या असतील तर त्यांचा पिता कोण? सर्वश्रेष्ठ देव अहुर मज्द हा ‘स्पेंत मैन्यू’चा, म्हणजे कल्याणकारी शक्तीचा, पिता असल्याचे एका गाथेत म्हटले आहे, ‘अंग्र मैन्यू’ या विध्वंसक शक्तीबद्दल तसे कोठेही स्पष्ट सांगितलेले नाही. जुळेपणाचा तर्क ताणला तर वाईटाचा उगमही अहुर मज्दापाशीच जातो, आणि जुळेपण हे केवळ रूपक मानले तर वाईट स्वयंभू ठरते. पुढच्या दोन-अडीच हजार वर्षांचा वाद या एका फटीतून शिरलेला आहे. पुढे इराणातील सासानी राजवंशाच्या काळात काहींनी ‘झुर्वान’, म्हणजे काळ, हा दोघांचा पिता कल्पून ती बुजवण्याचा प्रयत्न केला, पण त्यातून वाईटाचे पितृत्व देवाकडून काढून काळाच्या माथी मारण्यापलीकडे फारसे काही साधले नाही.

मुख्य प्रवाहाने दिलेले उत्तर अधिक कठोर होते. इस्लामी राजवट आल्यानंतर, मुख्यतः नवव्या शतकाच्या सुमारास, ज्यांना आजचे रूप मिळाले त्या पहलवी, म्हणजे मध्यकालीन फारसी, भाषेतील ग्रंथांत, विशेषतः सृष्टीच्या उत्पत्तीची कथा सांगणाऱ्या ‘बुंदहिश्न’ या ग्रंथात, अहुर मज्द ‘ओहर्मज्द’ होतो आणि अंग्र मैन्यू ‘अहिर्मन’. वर प्रकाशात ओहर्मज्द, खाली अंधारात अहिर्मन, मधे पोकळी. आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला निर्माण केलेले नाही. ओहर्मज्द सर्वज्ञ आहे, पूर्ण चांगला आहे, परंतु आज तो सर्वसमर्थ नाही, कारण अहिर्मन त्याच्या सत्तेबाहेर उभा आहे. संघर्ष अनंतकाळ चालू नये म्हणून ओहर्मज्द त्याला बारा हजार वर्षांच्या मर्यादित काळात ओढून आणतो आणि हे दृश्य जग रणांगण म्हणून घडवतो. आधी निर्मल निर्मिती, मग अहिर्मनच्या हल्ल्याने झालेली चांगल्या-वाईटाची सरमिसळ, आणि अखेरीस दोहोंची फारकत, असे या काळाचे टप्पे आहेत. आजचे जग सरमिसळीच्या टप्प्यात आहे. अखेरच्या दिवशी मेलेले सारे उठतील आणि वितळलेल्या धातूच्या प्रवाहातून जातील, जो सदाचाऱ्यांना कोमट दुधासारखा वाटेल आणि पापी मात्र त्यात पोळून शुद्ध होतील. म्हणजे येथील नरक कायमचा नाही. शिक्षा भोगून माणूस सुटतो, नष्ट व्हायचे ते फक्त वाईट. पसायदानातही दुर्जनांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा तेवढा जावा अशी मागणी आहे, हे साम्य ध्यानात घेण्याजोगे आहे. फरक इतकाच की बुंदहिश्नात ती प्रार्थना नसून ठरलेला कार्यक्रम आहे.

या मांडणीला द्वैतवाद म्हणतात, पण मध्वाचार्यांच्या द्वैताशी तिची गल्लत करू नये. मध्वांचे द्वैत देव आणि जीव यांच्यातील भेदाचे आहे, तर झरथुष्ट्री द्वैत शुभ आणि अशुभ यांच्या मुळांचे आहे. त्याहून मोठी गल्लत म्हणजे शरीर व जड जग वाईट आणि आत्मा तेवढा चांगला, असा त्याचा अर्थ लावणे. तो विचार इ. स. २१६ मध्ये जन्मलेल्या मानी या बॅबिलोनियातील धर्मसंस्थापकाचा, आणि झरथुष्ट्री धर्मपंडितांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांच्या मते जड सृष्टी ओहर्मज्दाची आहे, अहिर्मनला स्वतःचे शरीरच नाही. तो दुसऱ्याच्या घरात घुसलेला आहे. म्हणून उपवास, ब्रह्मचर्य, देहदंड यांना या धर्मात पुण्य मानलेले नाही. शेत पिकवणे, झाड लावणे, संसार करणे आणि आनंदी राहणे हीच अहिर्मनविरुद्धची लढाई. मृत्यू ही देवाची इच्छा, असे सांत्वन येथे करता येत नाही, कारण मृत्यू हे शत्रूचे शस्त्र आहे. ‘वेंदिदाद’ या शुद्धिनियमांच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात अहुर मज्दाने निर्मिलेल्या सोळा उत्तम प्रदेशांची यादी असून प्रत्येकात अंग्र मैन्यूने काही ना काही बाधा घातल्याचे सांगितले आहे. पंधरावा प्रदेश सप्तसिंधूचा, आणि त्याच्या वाट्याला आलेल्या बाधांपैकी एक म्हणजे अतिरेकी उष्णता; या निदानाशी वैशाखातला कोणीही भारतीय सहमत होईल.

प्रेताविषयीचे नियमही याच तर्कातून येतात. प्रेत अपवित्र ठरते ते मेलेला माणूस पापी होता म्हणून नव्हे, तर तेथे मृत्यूचा, म्हणजे अहिर्मनचा, विजय झालेला असतो म्हणून. आणि तो विटाळ अग्नी, पाणी, माती या पवित्र सृष्टीला लागू नये यासाठी दोखम्याची योजना आहे, जेथे देह गिधाडांच्या स्वाधीन केला जातो. वेंदिदाद तर असे म्हणतो की पाखंडी दुष्ट जिवंत असताना विटाळ पसरवतो, मेल्यावर नाही. मात्र याच तर्काची दुसरी बाजूही लपवता येत नाही. सृष्टीची दोन छावण्यांत वाटणी केली की बेडूक, साप, मुंग्या हे प्राणी शत्रूच्या छावणीत जातात आणि त्यांना मारणे पुण्य ठरते. रजस्वला स्त्रीला वेगळे बसवण्याचे कडक नियमही याच वाटणीतून आले. देवाला निष्कलंक ठेवण्याची किंमत अशी कोणाकडून तरी वसूल झालेली आहे.

सिद्धान्त म्हणून मात्र या मांडणीचा बचाव नवव्या शतकातील मर्दान-फर्रुख या लेखकाने ज्या धारदारपणे केला तसा क्वचितच कोणी केला असेल. ‘शकंद-गुमानीक विचार’, म्हणजे संशय फोडणारे विवेचन, या ग्रंथात त्याने मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती आणि मानीपंथी अशा सर्वांशी वाद घातला आहे. त्याच्या युक्तिवादाचा गाभा असा की, जो देव स्वतःच शत्रू निर्माण करतो आणि मग त्याच्या नादी लागल्याबद्दल माणसाला शिक्षा करतो, त्याला शहाणाही म्हणता येत नाही आणि दयाळूही. बाराव्या शतकाच्या आसपास गुजरातेतील पारशी पंडित नेर्योसंग धवल याने या ग्रंथाचे संस्कृत रूपांतर केले आणि १८८७ साली पुण्याचे दस्तूर होशंग जामास्प व इंग्रज अभ्यासक वेस्ट यांनी तो संपादून मुंबईत छापला. भारतीय दर्शनांच्या इतिहासात या संस्कृत ग्रंथाची दखल जवळजवळ घेतली जात नाही, ही उणीव म्हणावी लागेल.

इतर परंपरांनी काय केले हे थोडक्यात पाहिले तरी फरक कळतो. बायबलच्या जुन्या करारात दावीद राजाने केलेली शिरगणती पाप ठरते. ती करण्याची बुद्धी त्याला देवाने दिली असे ‘शमुवेल’च्या दुसऱ्या पुस्तकात आहे, तर नंतर रचलेल्या ‘इतिहास’ या पुस्तकात तेच कृत्य सैतानाच्या नावावर टाकले आहे. मधल्या काळात यहुदी लोक इराणी साम्राज्यात राहिले होते, त्यामुळे हा बदल इराणी प्रभावाचा असावा असे काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. संत ऑगस्टीन तारुण्यात सुमारे नऊ वर्षे मानीचा अनुयायी होता; तो पंथ सोडल्यावर त्याने वाईट म्हणजे केवळ चांगल्याचा अभाव, अंधार म्हणजे जसा प्रकाशाचा अभाव, हे उत्तर स्वीकारले, जे ख्रिस्ती विचारात पुढे प्रमाण ठरले. भारतात ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावरील पक्षपात आणि निर्दयता या आरोपांचा विचार असून, ईश्वर जीवांच्या कर्मानुसार फळ देतो आणि कर्माची साखळी अनादि आहे, असे उत्तर दिले आहे. येथेही ईश्वर सुटतो, पण दुःखात असलेल्याच्या माथी त्याच्या दुःखाची जबाबदारी येते. अहिर्मनची कल्पना निदान दुःखिताला दोषी धरत नाही.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न मुंबईत भर रस्त्यावर आला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन याच्या प्रभावाखाली १८३९ मध्ये दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले, प्रकरण न्यायालयात गेले आणि १८४३ साली विल्सनने पारशी धर्मावर टीकाग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यात दोन तत्त्वे मानणारा हा धर्म तर्काला आणि ईश्वराच्या महिम्याला न शोभणारा असल्याचा आरोप होता. इंग्रजी शिकलेल्या पारशी समाजाला हा घाव वर्मी लागला. पुढे १८५९ मध्ये मार्टिन हाउग हा जर्मन भाषाशास्त्रज्ञ पुण्याच्या कॉलेजात संस्कृतचा अध्यापक म्हणून आला आणि १८६२ साली मुंबईत छापलेल्या निबंधांत त्याने नवाच अर्थ मांडला: खरे वचन फक्त गाथांचे, त्यांतला देव एकच, आणि स्पेंत व अंग्र या दोन शक्ती त्या एकाच अहुर मज्दाच्या ठायी असलेली निर्मिती व संहाराची दोन कारणे, ओहर्मज्द विरुद्ध अहिर्मन हा पुढच्या पुरोहितांचा विपर्यास. सुधारक पारशांनी या अर्थाचे मनापासून स्वागत केले, कारण त्यामुळे त्यांचा धर्म एका दिवसात एकेश्वरवादी ठरला.

या सौद्यात काय गमावले हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. विल्सनचा आरोप टळला, पण मर्दान-फर्रुखने शत्रूंवर डागलेला प्रश्न आता स्वतःच्याच घरात आला, कारण संहारक शक्ती देवाच्या आतच असेल तर बालमृत्यूचा जाब पुन्हा देवालाच द्यावा लागतो. मेरी बॉइस या इंग्रज विदुषीने विसाव्या शतकात, द्वैत हे झरथुष्ट्राच्या मूळ शिकवणीतच असल्याचे आग्रहाने प्रतिपादले आणि हाउगच्या वाचनावर त्याच्या काळातील युरोपीय धर्मकल्पनांची छाया असल्याचे दाखवले. तिचे सर्व निष्कर्ष मान्य न केले तरी, एकेश्वरवाद म्हणजे धर्माची वरची पायरी हे गृहीत धरूनच हाउगचा अर्थ आकर्षक वाटतो, हे नाकारता येत नाही.

उपासना मात्र या नव्या अर्थाप्रमाणे बदलली नाही. पारशी माणूस ७२ धाग्यांची कुस्ती, म्हणजे कमरेचे पवित्र सूत्र, सोडून पुन्हा बांधताना जी प्रार्थना म्हणतो तिच्यात अहिर्मनचा धिक्कार आजही नाव घेऊन होतो; जुन्या हस्तलिखितांत तर लेखक ते नाव मुद्दाम उलटे लिहीत. वाद पेटतो तो अंत्यसंस्कारांवरून. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडे जवळजवळ नाहीशी झाल्यावर मलबार हिलच्या डुंगरवाडीतील दोखम्यांत देह सुकवण्यासाठी सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली, आणि २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत दहन स्वीकारणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह सुरू झाले. गाथांनाच प्रमाण मानणाऱ्याला दहनात अडचण दिसत नाही. वेंदिदाद मानणाऱ्याच्या लेखी मात्र प्रेत अग्नीत घालणे म्हणजे अहिर्मनचा विटाळ अहुर मज्दाच्या सृष्टीला स्वतःच्या हाताने लावणे होय.