घेरदार परकराचा केक

बाहुलीच्या केकमध्ये आपण भाजायचा तो फक्त घेर. वरची बाहुली बाजारातून तयार येते. तरी घरच्या केकची फसगत बहुधा घेरातच होते, आणि तीही सजावटीत नाही, उंचीच्या हिशेबात. बार्बीच्या मापाची बाहुली 29 सेंटिमीटर उंच असते. कमरेपासून पावलांपर्यंत साधारण 17 सेंटिमीटर. ओव्हनमध्ये चालणाऱ्या खोलगट वाडग्यात भाजलेला केक जेमतेम 10 सेंटिमीटर भरतो. एवढ्या केकमध्ये बाहुली खोचली की अर्ध्या मांड्या बाहेर राहतात, मग वरून क्रीमचे थर चढवत बसावं लागतं. त्यापेक्षा वाडग्याच्याच व्यासाचे, साडेतीन सेंटिमीटर जाडीचे दोन गोल केक खाली घ्यावेत. उंची बरोबर जुळते आणि परकर जमिनीपर्यंत पोचतो.

ही हौस आजची नाही. डिकन्सच्या 1841 च्या ‘बार्नबी रज’ कादंबरीत डॉली वार्डन नावाची नटवी मुलगी आहे. 1870 च्या दशकात तिच्या नावाने फुलाफुलांचे, चुणीदार पोशाख निघाले. ऑस्ट्रेलियात बाहुलीच्या केकला अजून तिचंच नाव आहे. तिथल्या ‘विमेन्स वीकली’ मासिकाने 1980 मध्ये मुलांच्या वाढदिवसाच्या केकचं पुस्तक काढलं, त्यातही ही डॉली होती.

आपल्याकडे मात्र हा केक आला तो गुलाबी गाऊन घालूनच, आणि तिथेच अडकला. मला हे फार खटकतं. चंडीगडच्या सेक्टर 32 मध्ये, सरकारी मेडिकल कॉलेज आणि एस. डी. कॉलेज यांच्या आसपास वाढणाऱ्या मराठी मुलीने आजीने पाठवलेला खणाचा परकर नेसलेला असतो आणि शेजारच्या आंटींची फुलकारीही रोज पाहिलेली असते. तिच्या केकवर या दोन्ही गोष्टी का नसाव्यात? वाढदिवसाआधी तिला सेक्टर 23 मधल्या बालभवनातलं, 1985 मध्ये सुरू झालेलं बाहुल्यांचं म्युझियम दाखवून आणावं. देशोदेशीच्या बाहुल्या आपापल्या पोशाखात पाहिल्या की पोशाख ती स्वतःच ठरवेल.

बिनअंड्याच्या केकसाठी एका घाण्याला 400 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, 250 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम लोणी, दोन सपाट चमचे बेकिंग पावडर, एक चमचा खायचा सोडा, चमचाभर व्हॅनिला आणि सैल करायला 200 मिलिलिटरच्या आसपास सोडा वॉटर. 20 सेंटिमीटर व्यासाचा पूर्ण घेर उभा करायला असे दोन घाणे लागतात. केक दोन किलोंच्या आसपास भरतो. वाडग्यातला भाग 160 अंशांवर तासभर तरी घेतो, कारण उष्णता मध्यापर्यंत सावकाश पोचते. आच वाढवली तर कड करपते आणि पोट कच्चं राहतं. सुरी अगदी मध्यभागी घालून पाहावी. केक आदल्या दिवशीच भाजावा. ताज्या, मऊ केकला भोक पाडताना तो चिरतो.

थरांना लावायच्या पाकात डिसेंबर-जानेवारीत किन्नूचा रस घालावा. कॅलिफोर्नियात 1915 मध्ये संकरातून तयार झालेलं हे फळ आज पंजाबचंच झालं आहे. रस मात्र आयत्या वेळी काढावा, ठेवला की कडवटतो. थंडीत क्रीम छान उभं राहतं, लोणी तेवढं आधी बाहेर काढून मऊ करावं लागतं. मे-जूनमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो. तेव्हा भांडं आणि बीटर फ्रीजरमध्ये गार करून घ्यावेत, केकही मधून मधून फ्रीजमध्ये ठेवत जावा.

आता पोशाख. बाहुलीचे कपडे काढून ती साबणाने धुवावी, केस वर बांधावेत, पायांना कमरेपर्यंत क्लिंग फिल्म गुंडाळावी. घेराला आधी क्रीमचा पातळ हात द्यावा, म्हणजे कण वर येत नाहीत. अर्धा तास गार झाल्यावर जाड थर. पोलक्यावर बारीक नोझलने खणाच्या ठिपक्यांसारखी बुट्टी काढावी. खरी फुलकारी जाड्याभरड्या खद्दरवर, कापडाच्या उलट्या बाजूने, धागे मोजून, पीळ नसलेल्या रेशमाने भरतात. म्हणून तिची फुलं चौकट-तिरक्या रेघांची असतात, आणि हे आपल्या फायद्याचं. गोलाईदार गुलाब काढायला हात तयार असावा लागतो, छोट्या सरळ रेघा मात्र दहा वर्षांची ताईसुद्धा ओढते. टूथपिकने घेरावर आडव्या-उभ्या खुणा करून त्यात केशरी, पिवळ्या, राणी रंगाच्या रेघा भराव्यात. सगळी जमीन झाकून टाकणाऱ्या भरतकामाला ‘बाग’ म्हणतात. तो मोह टाळावा, खालच्या काठाला दोन ओळी पुरेत.

परकर गडद लाल करायच्या नादात क्रीम कडू होतं, इतका रंग त्याला लागतो. जमीन फिकी ठेवून गडदपणा फक्त रेघांत आणावा. जेलचा रंग तासाभरात आणखी चढतो, तेव्हा घालताना हात आखडता ठेवावा. रंगाच्या बाटलीवर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक पाहिल्याशिवाय घेऊ नये. खाणारी मुलं लहान असतात.

केक हलू नये म्हणून आत काड्या घातल्या असतील तर त्या मोजून घालाव्यात आणि कापण्याआधी मोजून काढाव्यात. बाहुली आधी उचलून, क्लिंग फिल्म सोडवून वाढदिवसवालीच्या हाती द्यावी. मग वरचा घुमट वेगळा काढून त्याच्या फोडी कराव्यात आणि खालचे दोन गोल नंतर कापावेत. वीसेक मुलांना पुरतो.