कवायत, दुग्धाम्ल आणि तांबड्या रक्तपेशी

खापा येथील शाळेच्या पटांगणात मुले वेगाने धावू लागली की त्यांच्या स्नायूंत दुग्धाम्ल वाढून ते रक्तात उतरते. त्याचा काही भाग तांबड्या पेशी आत घेऊन वाहून नेतात. परंतु प्राणवायूच्या साहाय्याने ते जाळणाऱ्या तंतुकणिका त्यांच्यात नसतात. ते कार्य हृदय, यकृत व इतर स्नायू करतात.

सिकलसेल या आनुवंशिक रोगात मात्र प्राणवायू उणावला व आम्लता वाढली की याच पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि तीव्र वेदना होतात. नागपूर भागातील हा रक्तदोष शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली प्रसिद्ध केला. अशा रोगाचे मूल कवायतीत थबकल्यास शिक्षकांनी त्यास आळशी समजू नये. पाणी व विश्रांती द्यावी आणि वेदना होताच दवाखान्यात पोहोचवावे.